एकच लॅपटॉप : धंद्यालाही आणि खेळालाही

घरात लॅपटॉप घ्यायचे ठरले की पहिली चर्चा पैशाची होते आणि दुसरी तो वापरणार कोण याची. थोरली मुलगी चार दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. तिला तो कामाला हवा असतो. मधला फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची डिझाइने करू पाहतो. धाकट्याला गेम खेळायचा असतो. तीन माणसे, यंत्र एक, आणि पैसे पोटाला चिमटा काढून साठवलेले. दोन लॅपटॉप घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्या घरांत असते. मग कुणीतरी रागावते, कुणीतरी गप्प बसते आणि शेवटी दुकानदार दाखवील तो डबा घरी येतो.

आमचे म्हणणे असे की एका यंत्रात धंदा आणि खेळ दोन्ही बसतात. मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा हे डबा उघडण्याआधी ठरले पाहिजे. त्यासाठी एकच सूत्र लक्षात ठेवावे. लॅपटॉपमध्ये जे पुढे बदलता येत नाही त्यावर आज पैसे खर्च करावेत. जे पुढे बदलता किंवा वाढवता येते, ते सवडीने करावे.

आधी कागदावर यादी करा

दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून दोन याद्या कराव्यात. एक कामाची, दुसरी खेळांची.

टॅली, एक्सेल, पत्रव्यवहार, जीएसटीचे संकेतस्थळ, बँकेचे व्यवहार ही कामे हलकी आहेत. त्यांना महागडे यंत्र लागत नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर मोठी बॅनर करायची असतील तर रॅम जास्त लागते. लग्नाचे व्हिडिओ कापायचे-जोडायचे असतील तर वेगळे ग्राफिक्स कार्ड खरोखर उपयोगी पडते. म्हणजे डिझाइन किंवा व्हिडिओचा धंदा असेल, तर खेळासाठी घातलेला पैसा काही अंशी धंद्यातूनच परत येतो. धंदा निव्वळ हिशेबाचा असेल, तर ग्राफिक्स कार्डाचे पैसे हे फक्त खेळाचे पैसे आहेत, हे घराने मान्य करूनच ते द्यावेत. मॅकबुक घेण्याचा मोह असेल त्यांनी ध्यानात घ्यावे की टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि संगणकावरचे पुष्कळ खेळही विंडोजवरच चालतात.

आता खेळांची यादी. मुलगा म्हणतो, "गेमिंग लॅपटॉप पाहिजे." त्याला न रागावता विचारावे, कोणता खेळ? बीजीएमआय हा मोबाइलचा खेळ आहे. त्यासाठी लॅपटॉप घेण्याचे कारण नाही. वॅलोरंट आणि माइनक्राफ्ट हे खेळ प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर, चित्राची प्रत जरा कमी ठेवून, चालतात. सायबरपंक २०७७ सारख्या भारी खेळांना मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. साध्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपमध्ये वीस-पंचवीस हजारांचा फरक सहज पडतो. एका प्रश्नाने एवढी रक्कम वाचणार असेल, तर तो प्रश्न विचारायलाच हवा.

आकड्याला भुलू नका, अक्षर वाचा

प्रोसेसर निवडताना बहुतेक जण "आय-५ की आय-७" एवढेच विचारतात. खरी गोष्ट शेवटच्या अक्षरात असते. इंटेलच्या नावात शेवटी 'यू' असेल तर तो प्रोसेसर वीज वाचवणारा; 'एच' असेल तर जास्त ताकदीचा. आय-७ १३५५ यू हा मूळ १५ वॅटचा आहे, तर आय-५ १३५०० एच हा ४५ वॅटचा. नाव आय-७ चे मोठे, पण सतत चालणाऱ्या जड कामात आणि खेळात आय-५ पुढे निघतो. २०२३ पासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातला 'आय' गाळायला सुरुवात केली. अक्षर वाचण्याची सवय मात्र तेव्हाही आणि आताही उपयोगाची. एएमडीचे रायझेन प्रोसेसरही दोन्ही कामांना चांगले आहेत, त्यांना नावे ठेवू नयेत.

ग्राफिक्स कार्डाचे असेच आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालेल अशा रीतीने कंपन्यांना बसवता येते. नाव तेच, स्टिकर तोच. पण कमी विजेचे कार्ड खेळात बरेच मागे पडते. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "हे कार्ड किती वॅटचे आहे आणि त्याची स्वतःची मेमरी किती?" त्याला सांगता आले नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. आरटीएक्स ३०५० हे कार्ड ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन्ही मेमरीत आले आहे. नवे खेळ खेळायचे असतील तर ४ जीबी अपुरी पडते. ६ जीबी ही किमान समजावी, ८ असेल तर उत्तम.

बदलता येणारे आणि न येणारे

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपच्या बोर्डावर पक्के बसवलेले असतात. पंखे आणि उष्णता बाहेर टाकण्याची रचनाही कंपनीने दिली तीच राहते. स्क्रीन बदलता येते, पण महागात पडते. तेव्हा आजचा पैसा या चार गोष्टींवर.

रॅम आणि एसएसडी यांचे तसे नाही. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन खाचा असतात. आज एका खाचेत ८ जीबी घेऊन पुढे दुसरी ८ टाकता येते, आणि दोन सारख्या पट्ट्या असल्या की खेळाचा वेगही वाढतो. मात्र पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते; ती कधीच वाढत नाही. तशा यंत्रात पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, हेही हिशेबात धरावे. नंतर टाकू म्हणताना त्या दिवशीचा भाव विचारूनच ठरवावे.

एसएसडी ५१२ जीबीची असेल तर कामाला पुरते, पण खेळ जागा खातात. जीटीए व्ही हा २०१५ साली संगणकावर आलेला खेळसुद्धा शंभर जीबीच्या आसपास जागा घेतो. एसएसडीची दुसरी खाच रिकामी आहे का, हे विचारून ठेवावे.

स्क्रीनकडे डोळे उघडून पाहा

गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत "१४४ हर्ट्झ" असे ठळक छापतात. स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, तो हा आकडा. खेळाला तो चांगला. हिशेबाला त्याचा काही उपयोग नाही. त्याच स्क्रीनखाली बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" असे लिहिलेले असते. याचा अर्थ तिच्यात रंग फिके दिसतात. फ्लेक्स आणि पत्रिकांचा धंदा करणाऱ्याने ही स्क्रीन घेतली तर लॅपटॉपवर एक रंग दिसेल आणि छापून दुसराच येईल. गिऱ्हाईक परत पाठवील आणि छपाईचा खर्च आपल्या अंगावर पडेल. अशांनी "१०० टक्के एसआरजीबी" असे लिहिलेली स्क्रीनच घ्यावी.

गेमिंग लॅपटॉप साधारण दोन-सव्वादोन किलोच्या पुढे जातो, वर चार्जरचे वजन वेगळे. बॅटरीवर तो फार वेळ चालत नाही आणि चार्जर काढला की खेळातली ताकदही घटते. रोज लोकलने दुकानोदुकानी हिंडून हिशेब लिहिणाऱ्या मुलीच्या खांद्याचा विचार करा. यंत्र घराबाहेर जाणारच नसेल, तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो आणि दुरुस्तीलाही सोपा. एका खोलीच्या घरात तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा.

जुना घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अनेक शहरांत कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. हिशेबाच्या कामाला ते मजबूत असतात, पण बहुतेकांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. भारी खेळ त्यावर चालणार नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त असले तरी ज्यावर दुसऱ्याचे हिशेब ठेवायचे त्यासाठी घेऊ नये. जुने यंत्र घेताना दुकानातच अर्धा तास चालवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, आणि विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढायला लावावा. मूळ क्षमता किती आणि आज किती उरली, हे त्यात लिहून येते.

हप्ता आणि बिल

"बिनव्याजी हप्ता" ऐकून हुरळून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना हरकत घेतली होती, कारण व्याज कुठेतरी दडलेलेच असते. बहुधा रोखीने मिळणारी सूट हप्त्यात मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क लागते. रोख किंमत आणि सगळे हप्ते व शुल्क मिळून होणारी किंमत, असे दोन आकडे शेजारी लिहावेत आणि मगच सही करावी.

पक्के बिल घ्यावेच. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो. घरातला धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलावर तो क्रमांक घालून घ्यावा. धंद्याच्या वापरापुरता कर वजा मिळू शकतो. यंत्र खेळालाही वापरणार असाल तर पूर्ण कराची वजावट मागू नये, हिशेबनिसाला विचारून धंद्याचा भागच दाखवावा.

घरी आणल्यावर

एकाच यंत्रावर धंदा आणि खेळ ठेवण्यात खरा धोका यंत्र मंद होण्याचा नाही. धोका आहे तो फुकटच्या खेळांचा. हजार-दोन हजारांचा खेळ कुणीतरी फुकट उतरवून देतो, किंवा खेळात जिंकवून देणारी चोरटी युक्ती म्हणून एखादी फाइल टाकतो, आणि तिच्याबरोबर पासवर्ड चोरणारा व्हायरस येतो. मग ताईने भरवशावर सांभाळलेली चार दुकानदारांची खाती आणि बँकेची माहिती चोराच्या हाती जाते. गिऱ्हाइकाचा गेलेला विश्वास कोणत्याही वॉरंटीत भरून मिळत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी विंडोजमध्ये दोन खाती उघडावीत. कामाचे खाते मोठ्यांच्या पासवर्डचे, खेळाचे खाते साधे. नवे काही टाकायचे झाले तर मोठ्यांना विचारावे लागेल असे. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवावा. खेळात बँकेचे कार्ड जोडून ठेवू नये. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. त्या वाटेला घरात कुणीच जाऊ नये. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये. खालची जाळी बंद होते आणि यंत्र तापते. टेबल नसेल तर लाकडी फळी पुरते.

आणि वेळ वाटून घ्यावी. विवरणपत्राची शेवटची तारीख जवळ आली की यंत्र ताईचे. काम संपले की धाकट्याचे, तेही कुरकुर न करता द्यावे. खेळणाऱ्या मुलाला चोरासारखे वागवले तर तो चोरूनच खेळेल. त्याला यंत्राची झाकणे, खाचा, वॅट आणि मेमरी समजावून घेऊ द्या. रॅमची दुसरी पट्टी दुकानात त्याच्यासमोर बसवून घ्या. ज्या यंत्रावर बहीण कमावते त्याची राखण त्याच्याकडे सोपवली, की त्यावर काय टाकू नये हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावे लागणार नाही.