पक्षी ओळखायचा कसा? न्यायशास्त्र आणि गोंदियाचे तलाव

मागच्या वेळी प्रमाणांचा विषय निघाला, तेव्हा काही श्रोत्यांनी लिहून विचारलं की, प्रत्यक्ष आणि अनुमान असताना उपमान हे वेगळं प्रमाण कशाला मानायचं? त्याचं उत्तर आज आम्ही जरा आडवाटेने देणार आहोत. गोंदिया जिल्ह्यातून प्रवास करताना पक्षी कसे ओळखायचे, हा आजचा विषय. दोहोंचा संबंध काय, ते ऐकता ऐकता कळेल.

नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. गवय म्हणजे गाईसारखा दिसणारा एक रानटी प्राणी. गावात राहणाऱ्या माणसाने तो कधी पाहिलेला नाही. रानात वावरणारा कुणी त्याला सांगतो, ‘गवय गाईसारखा असतो.’ पुढे कधीतरी हा माणूस रानात जातो. गाईसारखा, पण गाय नसलेला प्राणी त्याला दिसतो, ऐकलेलं वाक्य आठवतं, आणि ‘हाच तो गवय’ असं ज्ञान होतं. डोळ्यांनी काय दिसलं? प्राणी दिसला. नाव काही दिसत नाही. नाव आणि वस्तू यांची गाठ पडली ती साम्याच्या आठवणीने. हे उपमान. आणि ते जे आधी ऐकलेलं वाक्य, त्याला शास्त्रात अतिदेशवाक्य म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक बघा. पहिली आवृत्ती १९४१ ची. त्यात पक्ष्याचा आकार कसा सांगितलाय? चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेपेक्षा मोठा, घारीएवढा. म्हणजे ‘गाईसारखा गवय’च की! जो पक्षी तुमच्या अंगणात आहे, त्याच्यावरून न पाहिलेल्या पक्ष्याकडे नेणारी ही वाट. प्रवासाला निघताना महागडी दुर्बीण नसली तरी चालेल, पण चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा आणि घार हे पाच जण नीट पाहिलेले असावेत. हे पाच म्हणजे आपली फूटपट्टी.

साम्य मात्र फसवंही असतं. म्हणून लक्षण नीट करावं लागतं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरच्या दीपिकेत लक्षणाचे तीन दोष सांगितलेत, आणि तिथेही गायच आहे. ‘गाय म्हणजे कपिला रंगाची’ असं म्हटलं तर पांढऱ्या, काळ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एका खुराची’ म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. पक्षी ओळखताना होणारे जवळजवळ सगळे घोटाळे या तीन खान्यांत टाकता येतात.

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरा. पूर्वी ही छोटी लाईन होती. सौंदड, देवलगाव, अर्जुनी मोरगाव अशी ती धानाच्या बांध्यांतून आणि जंगलाच्या कडेकडेने जाते. खिडकीतून पक्षी दिसतो तो दोन-तीन सेकंद, तोही बहुधा उजेडाच्या विरुद्ध बाजूला. तारेवर बसलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. अशा वेळी रंगावर भिस्त ठेवणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

मग काय बघायचं? बसण्याची ढब बघा, शेपटी बघा, आणि तारेवरून उडाल्यावर तो काय करतो ते बघा. शेपटी दुभंगलेली, टोकं बाहेर वळलेली, तर तो कोतवाल. चिमणीएवढा, सडपातळ, शेपटीतून एक काडी बाहेर आलेली, झेप घेऊन हवेतला किडा पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसणारा, तो वेडा राघू. हिरवा रंग दिसला नाही तरी त्याचं हे जाणं-येणं पुरेसं आहे. नीलपंख तर मजेदारच. बसलेला असताना मळकट तपकिरी, डोकं मोठं, लक्ष जाऊ नये असा. उडाला की निळाईचे पट्टे उघडतात. ढोकरी बगळ्याचंही तसंच. बांधीच्या धुऱ्यावर चिखलाच्या रंगात मिसळून उभा असतो, आणि उडाला की पंख पांढरेशुभ्र. म्हणजे पिसारा हे लक्षण आहे खरं, पण पक्षी ते नेहमी दाखवेलच असं नाही.

अधिवासाचंही तारतम्य ठेवावं लागतं. ‘खंड्या पाण्याकाठी असतो’ असं आपण शाळेत शिकलो. पण पांढऱ्या गळ्याचा आपला नेहमीचा खंड्या पाण्यापासून लांब, शेतातल्या तारेवरही बसलेला सापडतो. टोळ, सरडे हेही त्याला चालतात. इथे अव्याप्ती झाली. उलट, पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून सरळ खाली सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी दिसला, तर तो कवड्या खंड्या. हवेत असं थांबणं कापशी घारही करते, पण ती गवतावर नाहीतर शेतावर. कृती तीच, खाली पाणी की गवत, एवढ्यावर नाव बदललं. एकटं लक्षण लंगडं असतं, दोन जोडली की चालायला लागतं.

नागझिऱ्याच्या जंगलात हे अधिकच जाणवतं. तिथे स्वर्गीय नर्तक पाहायला लोक हौसेने जातात. डोळ्यांपुढे चित्र असतं ते पांढऱ्या, लांब फितीसारख्या शेपटीच्या नराचं. पण मादीला ती फीत नसते आणि तिचा रंग तांबूस असतो. तरुण नरही तांबूस. ‘पांढरा, लांब शेपटीचा’ हे लक्षण धरून बसलेला माणूस समोरची मादी सोडून देतो. डोक्यावरची काळी शेंडी आणि झाडाच्या सावलीत माशा पकडण्याची लगबग, ही दोघांनाही लागू पडते. पावशाची गोष्ट याच्या उलट. तो दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा. छोटे पक्षीही त्याला पाहून गडबडतात. तेव्हा अतिव्याप्तीचा दोष काही माणसांनाच होतो असं नाही! चोच पाहिली तर उलगडा होतो. शिक्र्याची चोच शिकारी पक्ष्याची, आकडीदार. पावशाची तशी नसते. आणि त्याने ‘पेरते व्हा’ म्हटलं की वादच संपला.

हल्ली फोनमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचं ‘मर्लिन’ नावाचं अ‍ॅप पुष्कळांकडे असतं. ते पाच प्रश्न विचारतं: पक्षी कुठे पाहिला, कधी पाहिला, केवढा होता, रंग कोणते होते, आणि काय करत होता. पाचांपैकी रंगाचा प्रश्न एकच आहे. आमचा या अ‍ॅपला विरोध नाही. मात्र विणीच्या दिवसांत फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा जो प्रकार चालतो, तो आम्हाला मुळीच पटत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं समजून तो बिचारा घरटं टाकून धावत येतो.

आता या जिल्ह्यातल्या मुख्य पक्ष्याकडे येऊ. जंगल दक्षिणेला सोडून उत्तरेकडे, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या बाजूला गेलं की गोंदिया, आमगाव, तिरोडा या तालुक्यांतली धानाची सपाट शेती लागते. महाराष्ट्रात सारस क्रौंच टिकून आहे तो मुख्यतः इथेच. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आहे, तिथेही आहेत. गेल्या काही वर्षांच्या गणनांत गोंदिया जिल्ह्यातली संख्या पन्नाशीच्या आतच आलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, इतकी ही गोष्ट गंभीर झाली. आकडा एवढा लहान असला की एक चुकीची ओळखही जड जाते. राखी बगळ्याची जोडी सारस म्हणून नोंदली गेली, तर कागदावर दोन पक्षी वाढतात, शेतात वाढत नाहीत.

‘मोठा, राखाडी, लांब पायांचा, पाणथळीत उभा’ हे सारसाचं लक्षण झालं का? नाही. यात राखी बगळा बसतो. मग पुढे जाऊ. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो, तिथे पिसं जवळजवळ नसतातच. उंची माणसाच्या खांद्याला लागेल इतकी, कधी त्याहून जास्त. पण धानाच्या मोकळ्या पट्ट्यात लांबून उंचीचा अंदाज येत नाही. शेजारी म्हैस चरत असेल, बाई निंदण करत असेल, तर तिच्याशी ताडून बघा. उडताना बगळा मान घडी करून खांद्यात ओढून घेतो, सारस ती भाल्यासारखी पुढे ताणतो. मान करकोचेही ताणतात, तेव्हा एवढ्यावर थांबायचं नाही.

इथे असंभव आपल्या मदतीला येतो. सारस झाडावर बसत नाही. त्याच्या पायाचं मागचं बोट लहान आणि वर उचललेलं असतं, त्याला फांदी पकडता येत नाही. म्हणून मोठा राखाडी पक्षी झाडाच्या शेंड्यावर दिसला, तर दुर्बीण काढण्याआधीच एवढं नक्की सांगता येतं की तो सारस नाही. करकोचे आणि बगळे झाडावर बसतात, घरटीही तिथेच करतात. सारसाचं घरटं जमिनीवर, उथळ पाण्यात. गवताचा आणि धानाच्या काड्यांचा मोठा ढीग, त्यात बहुधा दोन अंडी. शिवाय हा जोडीने राहणारा पक्षी. नर-मादी माना वर करून एकमेकांत आवाज मिसळून ओरडतात, ते दूरवर ऐकू जातं.

या जोडीचीच एक जुनी ओळख वादात होती. वाल्मीकीसमोर व्याधाने मारलेला क्रौंच नेमका कोणता पक्षी? कुणी बगळा म्हटलं, कुणी करकोचा. ज्युलिया लेस्ली या विदुषींनी १९९८ मध्ये एका निबंधात तो सारसच, असा पक्ष मांडला. जोडीने वावरणं, मादीचा आक्रोश, काही पाठांत आलेला तांबूस मस्तकाचा उल्लेख. बघा, काव्यातला पक्षी ओळखायलाही पिसारा आणि वागणूक हीच साधनं.

आता अतिदेशवाक्याकडे परत येऊ. ‘गवय गाईसारखा असतो’ हे वाक्य सांगणारा माणूस रानातला आहे; शास्त्रकारांनी त्याला उगाच नाही आणलेलं. गोंदियात तो कोण? तलावावर जाळं टाकणारा ढिवर, रोवणीच्या वेळी बांधीत वाकलेली बाई, गुराखी. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आपण पक्षी, मासे, पाणवनस्पती किती शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांचा पक्षीकोश चाळलात तर पक्ष्यांची नावं किती तोंडांतून आली आहेत ते कळेल. आणि पुष्कळ नावं ही नुसती नावं नसतात, लहानशी लक्षणंच असतात. टिटवी तिच्या आवाजाची, टकाचोर तिच्या स्वभावाची, नीलपंख उडण्याच्या क्षणाचा.

तेव्हा परसवाडा किंवा झिलमिलीच्या तलावावर थांबलात तर पुस्तक उघडण्याआधी काठावरच्या माणसाला विचारा, ‘काका, हा कोणता पाखरू? केव्हापासून आहे? राहतो का, की येऊन जातो?’ तिसरा प्रश्न विसरू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिवाळ्यात येतो आणि उन्हाळ्याआधी परततो. कुणी भर पावसाळ्यात त्याचा थवा पाहिल्याचं सांगितलं, तर महिना हेच प्रमाण पुरेसं.

सारसगणना जूनमध्ये होते. वन विभागाची माणसं आणि सेवा संस्थेचे कार्यकर्ते पहाटे ठरलेल्या ठिकाणी थांबतात, गावातले शेतकरी सोबत असतात. कुठल्या बांधीत घरटं होतं आणि पिल्लू जगलं की नाही, हे शेतकऱ्यालाच माहीत असतं, कारण त्याने ते राहू दिलेलं असतं. आणि मोजताना हटकून अडचण येते ती त्या पिल्लाची. त्याचं डोकं अजून लाल झालेलं नसतं, तपकिरी पिसांनी भरलेलं असतं. ‘लाल डोक्याचा तो सारस’ हे लक्षण घेऊन आलेला पाहुणा दोन मोजतो. शेजारी उभा असलेला शेतकरी म्हणतो, ‘तीन लिहा जी, मधात पिल्लू हाये.’