टक्के कशाचे, बाबा?

रविवारी सकाळी यवतमाळहून फोन येतो. तुम्ही इकडे पुण्यात, आठवडाभराची झोप वसूल करण्याच्या मूडमध्ये. तिकडून बाबा एकदम फ्रेश. "अगं, पेपरात आलं नं! रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायची, अटॅकचं टेन्शनच नाही. मी आजपासून सुरू करतो." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर कात्रणाचा फोटो आणि खाली अंगठा.

आता काय म्हणणार? 'असलं काही वाचू नका' म्हटलं तर ते रुसणार. 'घ्या' म्हणावं, तर गोळी खरंच घ्यावी का, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? रिटायर झालेल्या माणसाकडे वेळ असतो, उत्सुकता असते आणि तब्येतीची काळजीही. त्यामुळे त्यांचं वाचन थांबवण्यात अर्थ नाही. कात्रण कसं वाचायचं, हे मात्र दोघांनी मिळून शिकता येतं. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. प्रश्न विचारता आले की झालं!

ती माणसं कोण होती?

अ‍ॅस्पिरिनचंच घ्या. 'अ‍ॅस्प्री' नावाची एक मोठी ट्रायल ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यात १९,११४ ज्येष्ठ होते, बहुतेक सत्तरीपुढचे आणि हृदयविकार नसलेले. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय, हे पेशंटलाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. असं साधारण पावणेपाच वर्षं चाललं.

निकाल काय? हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेंचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनवाल्यांत वर्षाला हजारी १०.७ आणि दुसऱ्या गटात ११.३. म्हणजे जवळपास सारखंच. गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण मात्र ८.६ विरुद्ध ६.२. थोडक्यात काय, सत्तरीतल्या धडधाकट माणसाला या गोळीतून फायदा फारसा नाही, धोका मात्र नक्की वाढतो.

पण थांबा! ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांचं गणित वेगळं. त्यांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हा लेख वाचून बंद करू नका. औषध तेच, माणूस बदलला की उत्तर बदलतं. म्हणून शेजारच्या काकांची गोळी आपल्या बाबांची होत नाही.

टक्के कशाचे?

आता आईकडे वळू या. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये एक प्रयोग सुरू केला. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासायच्या. मशीन नाही, महागडी टेस्ट नाही. २०२१ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

तीस टक्के म्हणजे शंभर बायकांमागे तीस वाचल्या का? नाही. वर्षाला लाखामागे जवळपास ३५ मृत्यू होत होते, ते २५ च्या आसपास आले. 'तीस टक्के' खरं आणि 'लाखामागे दहा' हेही खरंच. हेडलाइनमध्ये पहिला आकडा येतो, निर्णय घ्यायला दुसरा लागतो. आणि पन्नाशीच्या आतल्या गटात मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही. पुन्हा तेच, वय विचारायलाच हवं.

मग लाखामागे दहा हे थोडं आहे का? बिलकुल नाही. बिनखर्चाची, हाताने होणारी तपासणी एवढं देत असेल तर सौदा उत्तम आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी बीपी, शुगर आणि कॅन्सरची अशी प्राथमिक तपासणी असते. आईला आरोग्य केंद्रात चौकशी करायला सांगा. ती "मला काय झालंय?" म्हणेल. म्हणू द्या, पण पाठवा.

आपल्या गावचं काय?

परदेशातल्या संशोधनाला आपली बोअर माहीत नसते. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते जायला नको. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की सांधे आखडतात, कंबर आणि पाठ धरते. घरचे म्हणतात, 'वय झालं.' मग गुडघ्यांसाठी नवी कॅप्सूल शोधण्याआधी गावाकडच्या घरचं पाणी तपासून घेतलेलं बरं. तसं उकळून फ्लोराइड जात नाही, हेही आजीला सांगून ठेवा.

फोनवर विचारायचे चार प्रश्न

- संशोधन माणसांवर झालं की उंदरांवर? माणसांवर, तर किती वयाच्या?
- 'इतके टक्के' म्हणजे हजारामागे किती जण?
- तोटा काय झाला? बातमीत नसेल तर मुद्दाम शोधा.
- पैसे कोणी दिले? गोळी विकणाऱ्यानेच दिले असतील तर जरा सावध.

उत्तरं मिळाली की कात्रण आणि चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी आहे, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. यादीत आयुर्वेदिक चूर्णं आणि टीव्हीवर पाहून मागवलेल्या गोळ्याही लिहा. त्या सांगायच्याच राहून जातात.

आणि एक गोष्ट आजच सुरू करता येईल अशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ज्येष्ठांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. पडून हाड मोडू नये म्हणून. विदर्भातल्या मे महिन्यात हे सगळं ऊन चढायच्या आत उरकायचं, एवढंच.

तेव्हा पुढच्या रविवारी फोन आला की वैतागू नका. हसून विचारा, "टक्के कशाचे, बाबा?" दोन-तीन रविवार असे गेले की तेच तुम्हाला विचारतील. तुमच्या प्रोटीन पावडरच्या डब्यावरही टक्के लिहिलेले असतात नं!