शिशाच्या गोळीचे ओतकाम

शास्त्री नदीच्या मुखावरील जयगडाविषयी लिहिताना तट, बुरूज व तोफा यांचाच विचार होतो. बंदुकीच्या गोळीचा सहसा होत नाही. वस्तुतः १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे जाईपर्यंतच्या काळात गोळी ही शिबंदीलाही चुलीवर ओतता येण्याजोगी वस्तू होती. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यास लोहाराची भट्टी लागत नाही. लोखंडी पळीने रस दुपाखी साच्यात ओतला की तो तत्काळ गोठतो. साचा थंड असल्यास गोळीस सुरकुत्या पडतात व ती पुन्हा वितळवावी लागते. साच्याच्या सांध्याची रेघ आणि ओतमुखाचे कापलेले टोक या ओतीव गोळीच्या खुणा होत. जमिनीत सापडलेल्या गोळीवर प्रथम त्याच पाहाव्यात.

१६ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे २४ ग्रॅम भरते, म्हणजे किलोभर शिशात ४१ गोळ्या. मात्र गोळी नळीहून किंचित लहान ठेवीत, कारण काजळी धरलेल्या नळीत ती उतरली पाहिजे. गोळीवरून नळीचा व्यास ठरविताना ही तफावत विसरू नये.

खरी अडचण मालाची. कोकणात शिशाच्या खाणी नाहीत, आणि किनाऱ्यावर शिसे आणून विकणाऱ्यांत इंग्रजही होते. म्हणजे उद्याच्या शत्रूकडूनच गोळीचा माल घ्यावयाचा!

प्रयोगादाखल ओतकाम करू पाहणाऱ्या अभ्यासकाने शस्त्र अधिनियम, १९५९ आधी पाहावा. ओलसर तुकडा रसात पडल्यास वाफेने रस उसळतो. त्याहून कपटी शिशाची धूळ. ती हाताला लागून अन्नावाटे पोटात जाते व हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते.