सामायिक लायब्ररीतील नामांची निर्यात

सामायिक लायब्ररी बांधताना लिंकर तीत नामांची एक स्वतंत्र सूची घालतो. कार्यक्रम सुरू होताना लोडर हीच सूची वाचतो. तीत जे नाम आले ते निर्यात झाले. मात्र तीत काय यावे, याविषयी एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरच्या प्रथेनुसार डीएलएलमधून लेखकाने नेमून दिलेली नामेच बाहेर जातात. लिनक्सवरील ईएलएफ पद्धतीत ‘स्टॅटिक’ नसलेले प्रत्येक फलन, मनाई नसल्यास, बाहेर पडते.

या औदार्याची किंमत लहान नाही. लोडर प्रथम मुख्य कार्यक्रमात शोध घेतो. तेथे त्याच नामाचे फलन निर्यात झालेले असेल, तर लायब्ररीने स्वतःच्या फलनाला घातलेली हाकही तिकडे वळते. ही शक्यता राखण्यासाठी आपल्याच घरात जाताना लायब्ररीला तक्त्याचा आडमार्ग धरावा लागतो. २००५ साली जीसीसी ४.० ने सर्व नामे सरसकट झाकून मोजकीच उघडण्याचा पर्याय दिला, तो याच कारणाने.

एकदा निर्यात केलेले नाम परत घेणे तर त्याहून अवघड. ‘मेमकॉपी’ हे फलन परस्परांत गुंतलेल्या स्मृतिखंडांसाठी नव्हेच. तथापि काही कार्यक्रम ते तसे वापरीत, आणि नव्या वेगवान रचनेने ते बिघडले. चूक अर्थात त्यांचीच. तरीही ग्लिबसी २.१४ मध्ये (२०११) चौसष्ट-बिट इंटेल-वर्गीय यंत्रांसाठी त्या नामाच्या दोन आवृत्त्या ठेवाव्या लागल्या: नव्याने जोडलेल्या कार्यक्रमांना नवी, जुन्यांना ‘मेममूव्ह’प्रमाणे वागणारी जुनी.