एक खाते, दोन माणसे

दुरून संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला वेगळे खाते का लागते, हे एका जुन्या फजितीवरून चांगले कळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली चालवून दाखविली. तारेने जोडलेल्या टंकयंत्रापुढे बसून लोक तिच्यावर काम करीत. त्यांची खाती निरनिराळी होती. व्यवस्थापकांचे खाते मात्र सामाईक होते. मजकूर दुरुस्त करणारी आज्ञावली एका ठरावीक नावाची तात्पुरती फाइल तयार करी. एका खात्यात एका वेळी एकच माणूस असणार, हे तिने गृहीत धरले होते. पुढे सोयीसाठी व्यवस्थापकांपुरते हे बंधन सैल झाले.

एके दिवशी त्या खात्यात एक जण दैनिक सूचना आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोन्ही तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच! त्यांची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर, सूचनेऐवजी, सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले.

आज दोन यंत्रांनी एकाच सामाईक फाइलीत एकदम बदल केले, तर समन्वय साधणाऱ्या कित्येक आज्ञावली दुसरी प्रत निराळ्या नावाने बाजूला ठेवतात. त्यांतली ग्राह्य कोणती, हे त्यांना ठरविता येत नाही.