लघु चित्रफितीचे आवर्ती चलप्रतिमेत रूपांतर : तंत्र, मर्यादा आणि अध्यापनातील विवेक

बीजसंज्ञा : चलप्रतिमा, जीआयएफ, फ्रेम, आवर्तन, रंगतक्ता, संक्षेपण.

प्रस्तावना

१८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांतून सिद्ध झाले. पुढे अशा छायाचित्रांवरून काढलेली चित्रे त्याने काचेच्या फिरत्या तबकडीवर मांडली आणि घोडा अखंड दौडू लागला. भारतात दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी, १९१२ मध्ये, 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. वाटाण्याच्या रोपाची दिवसागणिक होणारी वाढ त्यात अल्पावधीत दिसते.

दोन्ही उदाहरणे चित्रमालिकांचीच आहेत. परंतु पहिली घटना चक्राकार आहे, दुसरी एकदिश आहे. आज कोणतीही लघु चित्रफीत काही क्षणांत आवर्ती चलप्रतिमेत रूपांतरित करता येते. त्यामुळे अध्यापनासाठी ती वापरताना हा भेद दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या रूपांतराचे तंत्र स्पष्ट करून त्यातून उद्भवणाऱ्या आशयदोषांचे विवेचन केले आहे.

१. जीआयएफ स्वरूपाची घडण

जीआयएफ हे प्रतिमास्वरूप कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये प्रसृत केले. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र कालावधी देण्याची आणि पारदर्शकतेची सोय झाली. आवर्तनाची तरतूद मात्र या आवृत्तीतही नव्हती. ती १९९० च्या दशकाच्या मध्यास नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरने जोडली. या स्वरूपातील संक्षेपणपद्धतीवरील अमेरिकेतील एकस्व २००३ मध्ये संपुष्टात आले.

या स्वरूपाच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. त्यात ध्वनी नसतो. एका रंगतक्त्यात अधिकाधिक २५६ रंग मावतात. सामान्य चित्रफितीत १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटांना वाव असतो. तसेच फ्रेमचा कालावधी सेकंदाच्या शतांशांत, तोही पूर्णांकातच, नोंदवावा लागतो.

२. रूपांतराची प्रक्रिया

रूपांतरात फितीचा अंश निवडणे, फ्रेमची संख्या घटवणे, आकार लहान करणे आणि रंगतक्ता ठरवणे असे चार टप्पे असतात. यांची आवश्यकता साध्या गणिताने स्पष्ट होते. ६४० × ४८० पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेम असलेली ५ सेकंदांची फीत घेतल्यास १२५ फ्रेम होतात. प्रत्येक पिक्सेलला एक बाइट धरला, तर संक्षेपणापूर्वीचा आकार ३ कोटी ८४ लाख बाइट भरतो. तीच फीत ३२० × २४० पिक्सेल आणि सेकंदाला १० फ्रेम अशी केल्यास तो ३८ लाख ४० हजार बाइट, म्हणजे एकदशांश होतो.

रंग घटवताना छटांच्या सीमेवर पट्टे उमटतात. ते लपवण्यासाठी शेजारच्या पिक्सेलांत दोन रंगांचे ठिपके मिसळले जातात. परंतु हे संक्षेपण पुनरावृत्त रंगक्रमावर अवलंबून असल्याने अशा ठिपक्यांमुळे फाईल मोठी होते. याउलट कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवला आणि पार्श्वभूमी एकरंगी ठेवली, तर न बदलणारा भाग पुन्हा साठवावा लागत नाही. म्हणजेच चांगल्या चलप्रतिमेची तयारी संगणकापाशी नव्हे, तर चित्रीकरणापाशीच सुरू होते.

३. सांध्याचा प्रश्न

अखेरच्या फ्रेमवरून पहिल्या फ्रेमवर येणे हा आवर्ती प्रतिमेचा सांधा होय. सुमारे १ मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तनकाल २ सेकंद असतो. सेकंदाला १० फ्रेम घेतल्यास एका पूर्ण आवर्तनाच्या २० फ्रेम होतात. एकविसावी फ्रेम पहिलीसारखीच असते. ती अनवधानाने राहिली, तर आवर्तनकाल २.१ सेकंद दिसतो. विद्यार्थ्याने त्यावरून गुरुत्वत्वरण काढल्यास उत्तर सुमारे ९ टक्के कमी येते. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अडखळा येथे मापनातील दोष ठरतो.

कालावधीच्या पूर्णांकामुळेही असाच दोष येतो. सेकंदाला ३० फ्रेम असलेल्या फितीत प्रत्येक फ्रेमचा वाटा ३.३३ शतांश असतो. तो ३ धरल्यास गती सुमारे ११ टक्के वाढते. त्याऐवजी प्रत्येक तिसरी फ्रेम घेऊन १० शतांश कालावधी दिल्यास काळ अचूक राहतो.

४. उलटसुलट आवर्तन आणि गैरसमज

सांधा जुळत नसल्यास फीत पुढे आणि मग मागे चालवण्याचा पर्याय अनेक साधनांत उपलब्ध असतो. लंबकाच्या बाबतीत तो निरुपद्रवी आहे, कारण त्याची गती उलट दिशेनेही तशीच दिसते. जळती मेणबत्ती मात्र त्यामुळे पुन्हा वाढताना दिसेल. हृदयातील रक्तप्रवाह निलयातून अलिंदाकडे परतताना दिसेल. प्रत्यक्षात हे झडपेच्या विकाराचे लक्षण आहे. सांधा सुबक झाला तरी आशय असत्य ठरला, असा हा प्रकार होय.

रोपाच्या वाढीसारख्या एकदिश घटनेचे साधे आवर्तनही भ्रामक असते; पूर्ण वाढलेले रोप क्षणात पुन्हा अंकुर होते. अशा वेळी प्रतिमा एकदाच चालवून थांबवावी, अथवा अखेरच्या फ्रेमला २ ते ३ सेकंदांचा कालावधी देऊन प्रत्येक फ्रेमवर दिवसाचा क्रमांक लिहावा.

५. वापरातील दक्षता

अखंड हलणारी प्रतिमा शेजारचा मजकूर वाचणाऱ्याचे लक्ष विचलित करते. आंतरजालावरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२००८) मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल थांबवण्याची सोय असली पाहिजे. तसेच सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा उघडझाप करणारी दृश्ये टाळावीत, कारण काही व्यक्तींना त्यामुळे झटका येऊ शकतो. ध्वनी, सूक्ष्म रंगभेद अथवा दीर्घ कालावधी आवश्यक असल्यास मूळ चित्रफीतच वापरणे इष्ट होय.

समारोप

चित्रफितीचे चलप्रतिमेत रूपांतर करताना ध्वनी, रंग आणि फ्रेम यांचा त्याग अटळ असतो. काय गमवावे हे साधन नव्हे, तर विषय जाणणारा अध्यापकच ठरवू शकतो. आवर्तन हा मूळ घटनेचा गुणधर्म आहे की केवळ फाईलने लादलेला आहे, हा प्रश्न रूपांतरापूर्वी विचारला गेला पाहिजे. मायब्रिजचा घोडा तबकडीवर अखंड दौडला तरी सत्यच राहतो. फाळके यांच्या रोपाला मात्र आरंभ आहे आणि वाढ आहे. ती क्रमाने दिसण्यातच त्या दृश्याचे शैक्षणिक मूल्य सामावलेले आहे.