प्रकृती वाताची, कंबर चौऱ्याण्णवची

"संडासला रोज होते का, भाऊ?"

"त्याचं काही खरं नाही साहेब. कधी होते, कधी दोन-दोन दिवस पत्ताच नाही."

"थंडी सोसते?"

"नाही ना. दिवाळी झाली का मले स्वेटर लागते."

चिखलीतल्या एका वैद्यांचा दवाखाना. रोग्याची हरकत नव्हती, म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होतो. समोरचा माणूस शेहेचाळीस वर्षांचा, बाजार समितीतल्या एका अडत्याकडे वह्या लिहिणारा. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, दाढेत तंबाखूचा खर्रा. तक्रार एवढीच, की दुपारनंतर अंगात जीव राहत नाही.

वैद्यांनी नाडीला हात लावला तो अगदी शेवटी. त्याआधी बराच वेळ त्यांचं नुसतं पाहणं चाललं होतं. माणूस दारातून खुर्चीपर्यंत कसा आला, बसल्यावर पाय हलवतो का, वाक्य पुरं करतो की मधेच दुसरीकडे वळतो. मग त्याचा पंजा उलटा करून नखांवरून अंगठा फिरवला. मूठ उघडझाप करायला लावली आणि कान देऊन सांध्यांचा आवाज ऐकला. चप्पल काढायला सांगून टाचांच्या भेगा पाहिल्या. भूक ठरल्या वेळी लागते की केव्हाही? जेवायला उशीर झाला तर राग येतो की चक्कर? दूध प्यायलं की पोट साफ होतं की काहीच फरक पडत नाही? लहानपणी अंगानं कसा होतास? या शेवटच्या प्रश्नावर ते अडून बसले. आजचं शरीर फसवतं, प्रकृती जन्माची असते, असं त्यांचं म्हणणं. चरकसंहितेत रोग्याच्या परीक्षेचे दहा भाग सांगितले आहेत. त्यांतला पहिला प्रकृतीचा. बाकीच्यांत शरीराची बांधणी, त्याचं प्रमाण, पचनाची ताकद, श्रमाची ताकद आणि वय हे सगळं येतं.

निकाल लागला: वात-पित्त, त्यातही वाताकडे झुकलेली. भाऊचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे शुगरचं आपल्याले भेव नाही ना? ते तर कफवाल्याले होते म्हणे."

हे त्याला मोबाइलनं सांगितलं होतं. वैद्य हसले नाहीत. "आधी शुगर तपासून ये, मग औषधाचं बोलू," एवढंच म्हणाले.

प्रकृती हा विषय आपल्या जिल्ह्यात अचानक घरोघरी पोचला त्याला कारण आहे. 26 नोव्हेंबर 2024 ला केंद्राच्या आयुष मंत्रालयानं 'देश का प्रकृती परीक्षण' ही मोहीम सुरू केली, आणि त्या खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री म्हणजे आपलेच खासदार, मेहकरचे प्रतापराव जाधव. वैद्य, आयुर्वेदाचे विद्यार्थी, स्वयंसेवक मोबाइल घेऊन फिरले. अ‍ॅपमध्ये प्रश्नांची उत्तरं भरायची आणि स्वतःची प्रकृती लिहिलेलं प्रमाणपत्र घ्यायचं. महिनाभरात सव्वा कोटीच्या पुढे लोकांची नोंद झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत समारोप झाला आणि गिनेसचे पाच विक्रमही पदरात पडले. मला या विक्रमांचं फारसं कौतुक नाही. पण एवढ्या लोकांना कुणीतरी भूक, झोप आणि पोटाबद्दल विचारलं, ही गोष्ट लहान नव्हे. अडचण प्रमाणपत्राची आहे. कागद हातात आला की माणूस प्रश्न विसरतो आणि शिक्का तेवढा लक्षात ठेवतो.

असे शिक्के कोरियातही आहेत, आणि तिथं त्यांच्यावर भरपूर मोजमाप झालं आहे. ली जे-मा (1837–1900) या वैद्यानं 1894 साली लिहिलेल्या ग्रंथात माणसांचे चार साचे सांगितले: तेयांग, तेउम, सोयांग, सोउम. कुणाचं यकृत बळकट आणि फुप्फुसं दुबळी, कुणाचं नेमकं उलट, अशी त्याची मांडणी. दहा हजार माणसांत पाच हजार तेउम, तीन हजार सोयांग, दोन हजार सोउम आणि तेयांग अगदी बोटावर मोजण्याइतके, हा त्याचाच अंदाज. तेउम म्हणजे आडव्या बांध्याचा, चांगलं खाणारा, सहज घाम येणारा. आपल्याकडच्या कफ प्रकृतीच्या माणसाला तो सख्खा भाऊच वाटावा. आजच्या कोरियन संशोधकांनी हजारो लोकांची साखर, रक्तदाब, चरबी तपासली, तेव्हा लठ्ठपणा, मधुमेह आणि त्यांच्या जोडीनं येणारे बिघाड तेउम गटात जास्त निघाले. वजनाचा हिशेब वजा केला तरी थोडा फरक उरतो, असं त्यांतले काही अभ्यास सांगतात.

इथं मला एक शंका येते. साचा ठरवताना चेहरा आणि आवाजाबरोबर शरीराची मापंही घेतात. मोठ्या पोटाच्या माणसाला आधी तेउम म्हणायचं आणि मग तेउम माणसाला शुगर जास्त असते असं म्हणायचं, यात साच्याचं कर्तृत्व किती आणि पोटाचं किती? आपल्याकडे तर हे मोजमाप आणखी सैल आहे. एकाच माणसाची प्रकृती दोन वैद्य वेगवेगळी सांगतात, हे वैद्यमंडळीही खासगीत कबूल करतात. दिल्लीच्या 'आयजीआयबी' या संस्थेत मिताली मुखर्जी आणि भावना पराशर यांच्या गटानं 2008 मध्ये टोकाच्या वात, पित्त, कफ प्रकृतींच्या रक्तात आणि जनुकांच्या कामात फरक दिसतात असं मांडलं. काम दखल घेण्यासारखं आहे. पण ती निवडून घेतलेली, टोकाच्या प्रकृतीची माणसं होती. आपण बहुतेक सगळे मिश्र.

आणि मुळात आयुर्वेदानं तरी काडीपैलवानांना अभय कुठं दिलंय? प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. दहा कफाचे, सहा पित्ताचे, चार वाताचे. त्या शेवटच्या चारांतच मधुमेह येतो आणि तोच सगळ्यांत अवघड मानला आहे. कारणांच्या यादीत बसून राहणं, पडून राहणं, दही, दूध, नवं धान्य, गूळ हे सगळं आहे. अडत्याच्या गादीवर बसून दिवस काढणाऱ्यानं ती यादी एकदा वाचावीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हडकुळ्या माणसाच्या शुगरचं हे कोडं दुसऱ्या बाजूनं सोडवलं. ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन काढलं तर दोघांचा आकडा एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, तरी वजनाच्या मानानं चरबी आपल्या बाळांनी राखलेली आणि स्नायू गमावलेले. आपल्याकडच्या हडकुळ्या माणसाचं दुखणं असं पाळण्यापासूनचं असू शकतं, आणि ते गालावर दिसत नाही. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेही 10.1 कोटी निघाले आणि उंबरठ्यावरचे 13.6 कोटी. त्याच पाहणीत अंगानं लठ्ठ 28.6 टक्के होते, तर पोटानं लठ्ठ 39.5 टक्के.

दोन दिवसांनी भाऊच्या गावी गेलो. उपकेंद्राच्या ओट्यावर आशाताई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. तिशीपुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो.

"कंबर किती?"

"बत्तीस. पँट बत्तीसचीच लागते मले."

"पँट पोटाच्या खाली घालता तुम्ही, काका. शर्ट वर करा."

ताईंनी शेवटची बरगडी चाचपली, मग कमरेचं हाड, आणि दोन्हींच्या बरोबर मधे टेप धरली. "पोट आत ओढू नका. श्वास सोडा." टेप कातडीला टेकली, रुतली नाही. चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पुरुषाला नव्वदपर्यंत आणि बाईला ऐंशीपर्यंत शून्य गुण. त्यापुढं गुण चढत जातात. कमरेचा एक. वयाचे दोन. रोजच्या खर्र्याचे दोन. आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम नाही, त्याचा एक. आईला शुगर होती, त्याचे दोन. बेरीज आठ. चारच्या वर गेलं की तपासणी आधी करायची असते.

मग बोटाच्या कडेला सुई. पहिला थेंब कापसानं पुसला, दुसरा पट्टीवर घेतला. यंत्रानं 168 दाखवलं. "एकशे चाळीसच्या वर आहे. उद्या उपाशीपोटी ग्रामीण रुग्णालयात जा. चहासुद्धा नाही." भाऊ गप्प. मग म्हणाला, "पण साहेब तर वात म्हणले होते."

म्हणून वैद्यांचं काम फुकट गेलं असं मी मानत नाही. त्यांना नंतर विचारलं, शुगर निघाली तर प्रकृतीचं काय करणार? ते म्हणाले, पथ्य ठरवताना कामी येते. कफाच्या माणसाला मी घाम निघेस्तोवर चालायला लावतो. याला उपास आणि कच्चं कोरडं खाणं सांगितलं तर आठ दिवसांत कंटाळून कचोरीवर येईल. याला वेळेवर, गरम, ज्वारीची भाकरी आणि भाजी. शिवाय खर्रा बंद, ते मात्र सगळ्या प्रकृतींना सारखंच. 

प्रकृती पथ्य सुचवू शकते, निदान करू शकत नाही. अ‍ॅपवर वात निघो, पित्त निघो की कफ, तिशी ओलांडली असेल तर जवळच्या उपकेंद्रात जा, कंबर मोजून घ्या, साखर आणि रक्तदाब तपासा. पैसे लागत नाहीत. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरतात आणि पुन्हा तपासून खात्री करतात. 100 ते 125 म्हणजे उंबरठा. आणि मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे धरायला सांगा, पँटच्या पट्ट्यावर नको.